परक्या गावातले बाळंतपण

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे. सातव्या महिन्यात लेकीला घरी आणायचे आणि चाळीस दिवसांचे न्हाण झाल्याशिवाय सासरी पाठवायचे नाही. आपण याकडे लाडाचा भाग म्हणून पाहतो, पण त्या लाडात एक व्यवस्थाही असते. रात्री दोन वाजता कळ आली तर उठून दिवा लावणारे माणूस शेजारी असते. अंगावरून जास्त जाते आहे हे आईच्या नजरेला लगेच कळते. रिक्षा कोणाची बोलवायची, पैसे कुठून आणायचे, दवाखाना कोणता, हे त्या अडलेल्या मुलीला ठरवावे लागत नाही.

बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला तारापूर एमआयडीसीकडे निघालो की अशी शेकडो घरे लागतात, जिथे बाईला माहेर जवळ नाही आणि सासरही नाही. अवधनगर, भैयापाडा, दांडीपाडा, अशी वस्त्यांची नावे. पत्र्याच्या छपराची एक खोली, एक मोरी, नवरा-बायको आणि एखाददुसरे मूल. नवरा ठेकेदाराकडे बारा तासांच्या पाळीवर. सासू उत्तर प्रदेशात नाहीतर बिहारमध्ये. शेजारीण चार महिन्यांपूर्वी आलेली, तिचीही हीच गत. यात मुस्लिम घरे आहेत, बिहार-ओडिशातून आलेली हिंदू घरे आहेत, आणि आपल्याच जिल्ह्यात परके झालेले जव्हार-मोखाड्याचे आदिवासीही आहेत. पालघर-बोईसरच्या मराठी बोलणाऱ्या मुस्लिम घरांना ही माणसे 'बाहेरची' वाटतात. त्यांच्यासोबत आपले पुरुष एका सफीत नमाज पढतात, पण त्यांच्या खोलीत कोणाला दिवस गेले आहेत याची आपल्याला खबर नसते.

मला ती खबर हजेरीपटावरून लागते. पाचवी-सहावीतली एखादी हुशार मुलगी अचानक येईनाशी होते. पहिला आठवडा ताप असेल म्हणून सोडून द्यावा, पण दुसऱ्या आठवड्यात चौकशी केली की कळते, आई बाळंत झाली आहे. घरात दुसरी बाई नाही. मग दहा-अकरा वर्षांची मुलगीच पाणी भरते, रोटी करते, धाकट्याला सांभाळते, आईला शेक देते. चाळीस दिवसांनी ती परत येते तेव्हा वर्ग बराच पुढे गेलेला असतो. काही मुली परत येतच नाहीत. आईच्या एकटेपणाची किंमत अशी दुसऱ्या पिढीकडून वसूल होते, आणि शाळेच्या कागदावर तिचे नाव असते 'अनियमित विद्यार्थिनी'.

बोईसरची एक अडचण समजून घ्यायला हवी. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, मागोमाग एमआयडीसी आली, कारखान्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली. वस्ती शहराएवढी वाढली, पण कारभार राहिला बोईसर, सरावली, खैरापाडा, पास्थळ, सालवड अशा ग्रामपंचायतींकडे. मुंबईत महापालिकेचे प्रसूतिगृह असते, वस्तीत हेल्थ पोस्ट असते. इथे ग्रामीण भागाचा हिशेब चालतो: पाच हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र, तीस हजारांना एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आदिवासी भागात त्याहून थोड्या कमी लोकांमागे. साधारण हजार माणसांमागे एक आशाताई. पण भाड्याच्या खोलीत आज राहणारा आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या पाड्यात जाणारा माणूस हजारांत धरायचा की नाही? ज्या चाळीत दर पावसाळ्यानंतर निम्मे भाडेकरू बदलतात तिथे आशाताईची वही कितीही प्रामाणिक असली तरी मागेच पडते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. दहा वर्षे उलटली तरी जिल्हा रुग्णालयाच्या इमारतीची वाटच पाहावी लागत होती. गुंतागुंत झाली की सिल्वासा, वलसाड, ठाणे किंवा मुंबई गाठायची, ही इथली जुनी सवय. नोव्हेंबर २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका गरोदर स्त्रीला सिल्वासाला हलवायचे होते. सुसज्ज रुग्णवाहिका वेळेवर मिळाली नाही आणि ती वाटेतच गेली. तिच्या पोटातले बाळही गेले. ती बातमी आपण सगळ्यांनी वाचली आणि दोन दिवस हळहळलो.

हा प्रश्न फक्त आपल्या जिल्ह्याचा नाही. जगात २०२३ साली सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया गरोदरपणात किंवा बाळंतपणात दगावल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांतल्या दर दहांपैकी सात सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या होत्या. केनियाची राजधानी नैरोबी इथे कोरोगोचो आणि विवांदानी नावाच्या दोन झोपडवस्त्या आहेत. विवांदानी या स्वाहिली शब्दाचा अर्थच मुळी 'कारखान्यांची जागा'. कारखान्यांच्या कुशीत वाढलेली, गावाकडून आलेल्या मजुरांची, भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांची वस्ती. आपला एखादा पाडा उचलून तिकडे ठेवला तर फारसा वेगळा दिसणार नाही. या दोन वस्त्यांत २००३ ते २००५ या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास झाला. दर एक लाख जिवंत जन्मांमागे ७०६ माता दगावत होत्या. नैरोबीत देशातले सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय आहे, आणि तरीही हा आकडा. मेलेल्यांपैकी बहुतेकींच्या उशाशी शेवटच्या घटकेला प्रशिक्षित माणूस नव्हते.

महाराष्ट्राचा आकडा यापुढे फार चांगला दिसतो. २०१८-२०च्या नमुना नोंदणीनुसार आपल्या राज्यात लाख जन्मांमागे ३३ माता दगावतात, देशात ९७. राज्यातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. अल्हम्दुलिल्लाह, हे मोठे यश आहे आणि ते आशाताई, नर्सबाई आणि अंगणवाडी सेविकांच्या पायपिटीचे आहे. पण ३३ ही सगळ्या राज्याची सरासरी झाली. तीत पुण्यातला बंगलाही आहे आणि दांडीपाड्यातली खोलीही. आणि आठव्या महिन्यात गावाकडच्या गाडीत बसलेली बाई तिकडे पोहोचल्यावर दगावली तर तिचा हिशेब इथे लागतच नाही.

थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ मध्ये सांगितले की बाळंतीण तीन उशिरांमुळे मरते: दवाखान्यात जायचे ठरवायला उशीर, पोहोचायला उशीर, आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला उशीर. तिसरा उशीर सरकारने दूर करायचा आहे आणि त्यासाठी आपण भांडत राहिले पाहिजे. दुसऱ्यात थोडेफार आपल्या हातात आहे. पहिला मात्र जवळजवळ पूर्णपणे घराचा आणि मोहल्ल्याचा आहे.

पहिला उशीर कसा होतो? पोट दुखते आहे, पण नवरा रात्रपाळीला, कंपनीत मोबाइल गेटवर जमा. बाई वाट पाहते. सकाळी तो येतो, कोपऱ्यावरच्या 'डॉक्टर'कडे नेतो. हा गृहस्थ कोणत्या पदवीचा, हे विचारू नये. तो कळा वाढवायचे इंजेक्शन देतो. दवाखान्याच्या देखरेखीशिवाय दिलेल्या या इंजेक्शनने गर्भाशय फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. ही गोष्ट कडकपणे सांगायला हवी: कळा वाढवायचे इंजेक्शन घरी किंवा गल्लीतल्या दवाखान्यात घ्यायचे नाही, कोणी कितीही ओळखीचा असो. दाईला मात्र मी दोष देणार नाही. अनुभवी दाई धीर देते, सोबत करते. तिला बाळंतिणीबरोबर रुग्णालयात न्या, ती दोघींच्या फायद्याची गोष्ट आहे.

बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर धडधाकट बाईसुद्धा दोन तासांत जाऊ शकते. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे तिच्याकडे तेवढाही वेळ नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११च्या खाली गेले की रक्त कमी, ७च्या खाली गेले की धोका गंभीर. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज एक, सहा महिने, आणि बाळंतपणानंतर पुन्हा सहा महिने. ती सरकारी केंद्रात फुकट मिळते. आपल्या बायका ती घेतात, पण चहाबरोबर. चहाने लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घेऊ नये. गोळीने शौचाला काळी होते म्हणून घाबरून ती बंद करणाऱ्या कितीतरी जणी मला पालक सभेत भेटल्या आहेत. ते अपायकारक नाही, गोळी चालू ठेवायची.

धोक्याच्या खुणा घरातल्या पुरुषांनाही पाठ असाव्यात, कारण गाडी तेच आणणार असतात. कोणत्याही महिन्यात अंगावरून रक्त जाणे, असह्य डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, झटके, कळा नसताना पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, बाळंतपणानंतर ताप किंवा दुर्गंधी. यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहायची नाही. झटके आले की काही घरांत 'असर' समजून आधी फुंकणाऱ्याकडे नेतात. दुआ जरूर करावी, पण रुग्णवाहिकेत बसून करावी. ते झटके बहुधा वाढलेल्या रक्तदाबाचे असतात आणि त्यावर औषध आहे.

पुरुष डॉक्टर असेल म्हणून तपासणी टाळणाऱ्याही घरी घरी आहेत. बहुतेक उपकेंद्रांत तपासणारी नर्सबाईच असते. आणि बाई डॉक्टर नसेल आणि जिवाला धोका असेल तर जरुरतीपुरती सवलत शरीयतमध्ये आहे, हे आपले उलेमा सांगतात. हे इमामसाहेबांनी जुम्म्याच्या बयानात एकदा स्पष्ट बोलले तर दहा पत्रकांचे काम होते.

कुरआनकडे पाहिले तर आईच्या या हालांची नोंद तिथे वारंवार आहे. सूरह लुकमान आणि सूरह अहकाफमध्ये गर्भाचे ओझे आणि प्रसूतीचे कष्ट यांची आठवण मुलांना करून दिली आहे. सूरह तलाकमध्ये तलाक दिलेली स्त्री गरोदर असेल तर प्रसूतीपर्यंत तिचा खर्च पतीवर ठेवला आहे. ज्या स्त्रीशी नाते संपले तिच्याबद्दल हा हुकूम, मग घरातल्या बायकोबद्दल काय असेल ते ओघाने आलेच. सूरह मरयममध्ये हजरत मरयम (अलै.) एकट्या, वस्तीपासून दूर, खजुराच्या झाडाखाली कळा सोसतात तेव्हा अल्लाहकडून त्यांना पोहोचते ते काय? धीराचे शब्द, पाणी आणि ताजी खजूर. परक्या ठिकाणी एकट्या पडलेल्या बाळंतिणीला आधी काय लागते, ते तिथे सांगून ठेवले आहे.

हजरत उमर (रजि.) यांच्या दोन रिवायती आपण लहानपणापासून ऐकतो. रात्रीच्या गस्तीवर त्यांना मदीन्याबाहेर एक तंबू दिसला. परगावचा माणूस, आत त्याची बायको कळा देत होती, सोबतीला कोणी नव्हते. खलीफा घरी गेले, पत्नी उम्मे कुलसूम यांना बाळंतपणाचे सामान घ्यायला सांगितले, शिधा स्वतः उचलला. आत त्यांनी बाळंतपण केले, बाहेर यांनी चूल फुंकली. दुसरी रिवायत याहून मला जास्त विचार करायला लावते. एका रात्री मूल सारखे रडत होते. आई त्याचे दूध वेळेआधी तोडू पाहत होती, कारण बैतुलमालचा वजीफा दूध सुटलेल्या मुलांनाच मिळे. हजरत उमर (रजि.) हादरले. त्यांनी नियमच बदलला आणि मूल जन्मल्या दिवसापासून वजीफा लावला. नियम लिहिताना हेतू चांगला होता. तो झोपडीत पोहोचल्यावर काय करतो, हे पाहायला कोणीतरी रात्री फिरावे लागले.

आजच्या योजनांनाही हेच लागू आहे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पैसे येतात ते आईच्या स्वतःच्या, आधारशी जोडलेल्या बँक खात्यात. आता आमच्या भगिनींची नावे पाहा: आधारवर 'खातून', पॅनवर 'बानो', रेशनकार्डावर नुसते पहिले नाव, पत्ता गावाकडचा. एका अक्षराच्या फरकाने अर्ज अडकतो. लग्न होऊन सून घरात आली की दावतीच्या हिशेबाबरोबर तिचे कागद आणि खातेही नीट करून ठेवा, दिवस गेल्यावर धावाधाव नको.

रक्कम नसली तरी चालेल असे बरेच काही मात्र कागदाशिवायही मिळते, आणि ते कोणी सांगत नाही. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट, सिझेरियन फुकट, औषधे, तपासण्या, लागले तर रक्त, राहण्याच्या दिवसांचे जेवण, नेण्या-आणण्याची गाडी. जात, धर्म, उत्पन्न, कितवे मूल, गाव कोणते, काही अट नाही. बाळ आजारी पडले तर पहिले वर्षभर त्याचेही उपचार यात येतात. कोणी पैसे मागितले तर या कार्यक्रमाचे नाव घ्या आणि १०४ वर तक्रार करा. दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातीच्या मातांना जननी सुरक्षा योजनेची छोटी रक्कम वेगळी मिळते. अंगणवाडीत नाव घातले की घरी न्यायचा आहार मिळतो. त्याला भाडेकरू-मालक हा भेद नाही. गावाकडचे रेशनकार्ड असेल तर त्यावरचे धान्य आता इथल्या दुकानातही उचलता येते. आणि नवऱ्याच्या पगारातून ईएसआय कापले जात असेल तर ठेकेदाराकडून विमा क्रमांक मागून घ्या. त्यावर बायकोचे उपचार होतात.

या सगळ्याचे दार एकच, नोंदणी. तीन महिन्यांच्या आत नाव घालायचे. माता-बाल संरक्षण कार्ड मिळते आणि बारा अंकी आरसीएच क्रमांक. हा क्रमांक देशभर चालतो. बाई सातव्या महिन्यात गावी जाणार असेल तर कार्ड सोबत हवे, आणि क्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलेला हवा. जायचेच तर लवकर जावे. आठव्या-नवव्या महिन्यात जनरल डब्यात दीड दिवस उभ्याने प्रवास करण्यापेक्षा इथेच थांबणे बरे, आणि तिने इथे थांबावे असे वाटत असेल तर तिला इथे कोणीतरी हवे.

मूल घरी झाले तरी २१ दिवसांत ग्रामपंचायतीत जन्मनोंद करावी. फी लागत नाही. वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावे लागते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. त्या दाखल्यासाठी जूनमध्ये शाळेच्या दारात रडवेल्या झालेल्या आया मी पाहते.

एका नाजूक गोष्टीबद्दल लिहायलाच हवे. बाळंतपणात मरण पावलेली स्त्री शहीद, असे हदीसमध्ये आले आहे. मय्यतीच्या घरी ही खुशखबर दुखावलेल्या मनाला मोठा आधार देते. पण त्या एका वाक्यानंतर आपण सगळेच गप्प होतो. रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? घरातून किती वाजता निघाले? गाडी कधी आली? हे प्रश्न त्या घरात विचारणे बेअदबी वाटते. सरकारी नियमानुसार प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते, आरोग्य कर्मचारी घरी येऊन विचारतात. ती पोलीस केस नसते. काय घडले ते त्यांना खरे सांगा. मृत बहिणीच्या दर्जाला त्याने काही उणे येत नाही, आणि त्याच चाळीतल्या दुसऱ्या गरोदर बाईसाठी ती माहिती लागते.

मोहल्ल्याने काय करावे? मोठी संस्था काढायची गरज नाही. मुंबईत शीव रुग्णालयातल्या नवजात शिशूंच्या डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये 'स्नेहा' ही संस्था सुरू केली, तेव्हा त्यांनी धारावीसारख्या वस्त्यांतल्या बायकांनाच हाताशी धरले. आपल्याकडेही मोहल्ल्यातल्या चार बायका पुरेत. प्रत्येकीने आपल्या गल्लीतली गरोदर बाई, तिचा महिना आणि तिच्या नवऱ्याच्या पाळीची वेळ एका वहीत लिहावी आणि ती वही आशाताईला दाखवावी. आशाताईला याचा किती आनंद होतो ते करून पाहा. रात्री निघायला तयार असे दोन रिक्षावाले ठरवून ठेवावेत, १०८ आणि १०२ला फोन केल्यावर गाडीला वेळ लागणार असेल तर ते कामी येतात. पोरांच्या रक्तगटांची यादी मशिदीच्या नोटीस बोर्डावर लावावी. ट्रस्टकडे सदक्याची एक छोटी रक्कम वेगळी असावी, जी रात्री अकराला मुतवल्लीच्या सहीविना निघेल. जकातीचे मसले वेगळे आहेत, ते आलिमांना विचारावेत. सदक्याला मात्र शेजारीण कोणत्या धर्माची हे विचारायचे कारण नाही. आणि जिला कोणी नाही तिच्या घरी चाळीस दिवस पाळीपाळीने एक वेळचा डबा गेला, तर तिची मोठी मुलगी शाळेत येईल.

रमजानबद्दल दोन शब्द. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या स्त्रीला रोज्याची सवलत प्रेषित (स.) यांनीच दिली आहे. सासूबाईंनी ती काढून घेऊ नये. जी डॉक्टरांना विचारून रोजे ठेवते तिने लोहाची गोळी इफ्तारनंतर घ्यावी आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर रोजा सोडावा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रात गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. रक्त, लघवी, रक्तदाब, वजन सगळे होते. साखरेच्या तपासणीसाठी तिथे ग्लुकोजचे पाणी पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात, म्हणून सकाळी उपाशी जायची गरज नाही. डबा, पाण्याची बाटली आणि कार्ड सोबत घ्यावे, आणि शेजारच्या खोलीतल्या बाईलाही बरोबर न्यावे, तिला केंद्र कुठे आहे ते माहीत नसण्याची शक्यता आहे.